भावाचं घर असताना

सख्खा भाऊ त्याच शहरात राहत असताना मी स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये खोली घेतली, आणि ते कुणापासून लपवलं नाही. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर मीच दादाला फोन करून सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. पलीकडून आधी वहिनीला मारलेली हाक ऐकू आली. थट्टा करतेस का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, थट्टा नाही, तिसरा मजला, खिडकी रस्त्यावर, वाटलं तर येऊन बघ.

'येऊन बघ' म्हणायला नको होतं. आमच्या घरात एवढं बोलणं म्हणजे आग्रहाचं आमंत्रण.

आता भाऊ असताना लॉज कशाला, ते सांगते. आमच्या घरात निघालेल्या माणसाला निघू देत नाहीत. ही रीत वडिलांपासूनची. पाहुणा उठला की त्याची एक चप्पल गायब व्हायची. दुसरी जागच्या जागी असायची, म्हणजे ही चोरी नव्हे, प्रेम आहे हे त्याला कळावं. मग 'आजच्या दिवस राहा' सुरू. एका दिवसासाठी आलेला मामा असा आठवडाभर राहिला आणि परत गेला तेव्हा कारखान्यात त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता. चुलत भावाची परीक्षा बुडाली. ती गोष्ट पुढे त्याच्याच लग्नात हसत हसत सांगितली गेली, आणि नवरदेव हसत नाहीये हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. वडील गेले आणि ही गादी दादाकडे आली. चप्पल म्हणजे पोरखेळ, असं त्याचं मत पडलं. तो थेट बॅग घेतो. बॅग घरात ठेवली की माणूस जाईल कुठे, जेवायच्या वेळेला येईलच, हा त्याचा सिद्धांत, आणि तो कधी खोटा ठरला नव्हता.

माझ्यावरही हा सिद्धांत एकदा चालला होता. बाविसाव्या वर्षी मला एका मोठ्या नाट्यगृहाच्या शिवणखात्यात शिकाऊ म्हणून बोलावलं होतं. गाडी याच शहरात बदलायची होती. दादाचं नवीन लग्न, नवीन घर, तेही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडे. रात्री तिथे राहिले. सकाळी माझी बॅग कपाटात, कपाटाची किल्ली दादाच्या खिशात आणि दादा दूध आणायला गेलेला. तो परत आला तो हसतच. सगळे हसले. मीही हसले, कारण अशा वेळी न हसणाऱ्या माणसाला आमच्याकडे आतल्या गाठीचा म्हणतात. गाडी गेली, पाठोपाठ जागाही गेली. मी घरी परतले आणि आईच्या ओळखीच्या दुकानात शाळेच्या चड्ड्या बेतायला बसले. तीस वर्षं बेतल्या. पोरं बदलत गेली, चड्डी तीच राहिली.

दुकान बंद झाल्यावर मी हौशी नाटकवाल्यांचे कपडे बेतायचे, चहापाण्यावर. त्यातला राजाचा एक कोट कुणीतरी पाहिला, आणि उत्तरेकडच्या एका शहरातल्या नाट्यगृहाने मला विचारलं, मुख्य कटर म्हणून, म्हणजे सगळे पोशाख बेतायला, याल का. हंगाम तोंडावर आहे, सोमवारी सकाळी हजर व्हा, नाही जमलं तर दुसरी बाई तयार आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात. मी चोपन्न वर्षांची आहे. असं बोलावणं मला पुन्हा येणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको. रविवारी सकाळची उत्तरेची गाडी गाठायची, ती चुकली की सोमवार चुकला, आणि सोमवार चुकला की पुन्हा चड्ड्या.

दादाचा बेत वेगळा होता. गेल्या वर्षी आई गेली तेव्हापासून त्याने मनाशी ठरवलं होतं की आता छोटी आपल्याकडे येणार. छोटी म्हणजे मी. त्याने मागची खोली रंगवून घेतली. त्याच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलंय, वहिनीचे गुडघे कुरकुरतात, घरात एक हक्काचं माणूस असलेलं बरं, असं त्याने सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकलं. नातेवाइकांनी माझं अभिनंदन केलं. छोटीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

नाट्यगृहाचं त्याला मी महिनाभर आधी सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला की ये तर आधी, मग बघू. त्याच्या 'मग बघू'मध्ये काय असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून मी स्टेशनपासून चहा गार व्हायच्या आत पोचता येईल एवढ्या अंतरावर खोली घेतली. माझ्या आणि गाडीच्या मध्ये फक्त एक रस्ता हवा होता. नदी नको, पूल नको आणि भाऊ नको.

लॉज काही फार चांगला नव्हता. जिना अरुंद, भिंतीला खांदे घासून घासून मधोमध एक काळा पट्टा उमटलेला. खोलीत लोखंडी खाट, एक खुर्ची, कोपऱ्यात बेसिन आणि खिडकीला इतका आखूड पडदा की ज्याने बेतला त्याला मी दुकानात उभा केला नसता. गाड्यांच्या सूचना खिडकी लावली तरी आत येत होत्या. मला त्या गोड वाटल्या. काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई होती. तिने नाव लिहून घेतलं, पण लगेच विचारलं, "गाडी कुठली?" तिच्याकडे एका रात्रीचे लोक येतात, नावं लक्षात ठेवून करायचं काय, असं ती म्हणाली. ती माणसांना गाडीवरून ओळखते. सहा वाजताची किनाऱ्याची, रात्रीची डोंगराची, तशी मी झाले सकाळची उत्तरेची. छोटीपेक्षा हे मला फारच बरं वाटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत दादा आला. टॅक्सी दारात उभी ठेवून, वहिनीला घेऊन. मी जिन्याच्या वळणावरून ऐकत होते. त्याने माझं नाव सांगितलं, बहीण असल्याचं सांगितलं, मी दिसते कशी तेही सांगितलं. काउंटरवरच्या बाईने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, गाडी कुठली. दादाने वहिनीकडे पाहिलं. तो पाणीखात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेला माणूस, उत्तर येत नाही असा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही. मी कुठे चालले आहे हे त्याने महिनाभरात एकदाही विचारलं नव्हतं. वहिनीने हळूच सांगितलं, उत्तरेची, सकाळची. तिला कसं माहीत, याचं मलाही नवल वाटलं.

वर आल्यावर दादाने खोलीची तपासणी केली. नळ सोडून पाहिला, गादी दाबली, कडी लावून काढली, खिडकीतून वाकून खाली बघितलं. मग एकुलत्या एक खुर्चीवर बसला आणि धापा टाकत टाकत त्याने मला झाडलं. भावाचं नाक कापलंस. लोकांना तोंड कसं दाखवू. रंगवलेली खोली रिकामी आणि बहीण असल्या बिळात. तुझ्या वहिनीने सकाळपासून रांधलंय. आई असती तर तिला काय वाटलं असतं. शेवटी त्याचा आवाज भरून आला, आणि तो खोटा नव्हता. हीच तर पंचाईत आहे. त्याचं माझ्यावर प्रेम आहे. लहानपणी मला ताप आला तेव्हा शाळा बुडवून उशाशी बसायचा तो हाच. मला त्याचा राग आला, मायाही वाटली, आणि माया वाटली म्हणून जास्तच राग आला.

मी म्हटलं की जेवायला येत नाही, राहायला येत नाही, हंगाम संपला की चार दिवस येईन आणि तेव्हा तू म्हणशील ते खाईन. बाळंतपणाला बाई ठेव, तुला परवडते. वहिनी खाटेच्या कडेला बसून पडद्याकडे बघत होती.

दादा मग एकदम नरमला. बरं बाई, तुझं खरं, असं म्हणाला. जिना चढून दमलोय, खाली चहा सांगून येतेस का. दुधाने तोंड पोळलेली मी, पण त्या दिवशी ताक फुंकायला विसरले. त्याची धाप पाहिली आणि खाली गेले. काउंटरवर चहा सांगते आहे तोच जिन्यावर पावलं वाजली. पुढे दादा, मागे वहिनी, आणि दादाच्या हातात माझी बॅग. दमलेला माणूस बरा तुरुतुरु उतरला.

"जेवायला ये," तो जाता जाता म्हणाला. "बॅग पुढे नेतो."

टॅक्सी निघालीही. काउंटरवरची बाई उठून उभी राहिली आणि कुणाला बोलावू का म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, भाऊ आहे. मग तर अवघडच आहे, असं म्हणून ती परत बसली आणि तीन चहातले दोन रद्द केले.

मी वर गेले आणि रडले. दुःख वगैरे काही नाही, रागाने रडले. चोपन्न वर्षांची बाई आणि अजून कपाटात बॅग. त्या बॅगेत माझे सगळे कपडे, दोन स्वेटर, सोमवारसाठी घेतलेले नवे बूट, आणि माझी उशी, जिच्याशिवाय मला झोप येत नाही. डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून खांद्यावरच्या पिशवीत हात घातला तर बोटांना कात्री लागली. फलालीनच्या कापडात गुंडाळलेली माझी मोठी कात्री. तिच्याखाली टेप, खडू आणि तिकीट.

हे मी काही आधी ठरवून केलं नव्हतं. कापणारं माणूस आपली कात्री दुसऱ्याच्या हातात देत नाही, बॅगेत टाकत नाही, गाडीत तर मांडीवरून खाली ठेवत नाही. एकदा ती पडली की धार जाते आणि मग कापड चावत चावत कापते. तिकीटही मी तिच्याच कापडात खोचते, म्हणजे हरवत नाही. दुकानातल्या कुठल्याही पोराने हे दादाला सांगितलं असतं. दादाला माहीत नव्हतं, कारण मी इतकी वर्षं नेमकं काय करते हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. शिवते, एवढंच त्याला माहीत. बॅग नेली म्हणजे बहीण नेली असं समजून तो पूल ओलांडून गेला होता. मला हसू आलं, आणि या वेळी खरंच आलं.

जेवायच्या वेळेला फोन वाजला. वहिनीचा होता. ते ताटावर बसलेत, तुम्ही आल्याशिवाय सुरू करणार नाहीत, टॅक्सी पाठवू का असं विचारायला सांगितलंय, असं ती मोठ्याने म्हणाली, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं. मी म्हटलं, नाही वहिनी, मी येत नाही. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "येऊ नका."

मी पुढे काही विचारायच्या आत तिने फोन ठेवला. बाविसाव्या वर्षी मी त्या घरात हसले होते तेव्हा ती नवी नवरी होती आणि ओट्याशी उभी होती. तिच्या माहेरची गाडी किती वेळा चुकली असेल, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. उशी नव्हती तरी मला झोप लागली.

सकाळी तोंड धुऊन, कालचेच कपडे झटकून मी खाली आले तर काउंटरसमोरच्या बाकावर दादा बसलेला. दाढी न केलेली, मफलर उलटसुलट गुंडाळलेला. पहिल्या बसने आला होता. हातात काही नव्हतं.

"बॅग घरी आहे," तो म्हणाला.

"असू दे."

"अंगावरच्या कपड्यांनिशी जाणार आहेस?"

"दादा, मी कपडेच शिवते."

काउंटरवरची बाई खाली मान घालून काहीतरी शोधायला लागली. मी चावी तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली की उत्तरेची फलाटावर लागली आहे, पुढचे डबे धरा, गर्दी कमी असते. मी रस्त्याला लागले. दादा शेजारून चालू लागला. त्याची अजून खात्री होती की ही थांबणार. रस्ता ओलांडेपर्यंत तो सांगत होता की टॅक्सीने गेलो तर अर्ध्या तासात घरी, गरम पाणी तयार आहे, दुपारी निवांत बोलू, उद्याही गाडी असते. तो थकलेला दिसत होता आणि त्याचं वय मला दिसत होतं. तरी मी पाय उचलत राहिले, कारण एकदा उभी राहिले असते तर मीच त्याला टॅक्सी शोधून दिली असती.

फलाटाच्या दाराशी तिकीट दाखवावं लागतं. त्याच्याकडे तिकीट नव्हतं. तिथे तो थांबला आणि माझ्या पिशवीचा बंद धरला. जोरात नाही, लहान मूल धरतं तसा.

"एका दिवसाने काय बिघडतं?" त्याने विचारलं.

"मागे कपाटाला कुलूप घातलंस तेव्हा मी हसले होते, आठवतं?"

"सगळेच हसलो होतो."

"मला हसू आलं नव्हतं."

"तेवढं अजून धरून बसली आहेस?"

"हो," मी म्हटलं. "बंद सोड."

मागची माणसं खोळंबली होती. एकाने घाई करा म्हणून सांगितलं. दादाने त्या माणसाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि बंद सोडला. मी तिकीट दाखवून आत गेले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत आहे आणि म्हणूनच पाहिलं नाही.

डब्यात खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली, कात्री चाचपली. समोरच्या बाईने सामान कुठे ठेवलंत म्हणून विचारलं, मी म्हटलं, एवढंच. तिने बिचारी अशा नजरेने बघितलं आणि मला डब्यातलं बिस्किट देऊ केलं. मी घेतलं. गाडी हलली. फलाट सरकला, लॉजची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी आखूड पडद्यासकट मागे गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरातलं एक माणूस ठरलेल्या गाडीने निघालं होतं. मला मोठ्याने काहीतरी म्हणावंसं वाटत होतं, पण तोंडात बिस्किट होतं.

शहर संपत आलं तेव्हा फोन वाजला. दादा. उचलू की नको असं दोनदा झालं, मग उचलला. त्याच्या मागून गाड्यांच्या सूचना ऐकू येत होत्या. तो अजून स्टेशनातच होता. मी म्हटलं, बोल.

"तिथला पत्ता काय?" त्याने विचारलं. "बॅग पाठवतो."

समोरची बाई बघत होती, म्हणून खिडकीकडे तोंड केलं. मग कुणाकडून तरी पेन मागून घे, असं मी त्याला सांगितलं. त्याने घेतलं. मी सावकाश सांगत गेले, तो लिहीत गेला. आधी माझं पूर्ण नाव. तिथे तो जरा अडखळला, बहुधा छोटी लिहून बसला होता आणि खोडत होता. नावाखाली मुख्य कटर, पोशाख विभाग, मग नाट्यगृहाचं नाव, रस्ता, शहर, पिनकोड. झालं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, वाचून दाखव.

त्याने वाचलं. नाव बरोबर होतं, रस्ता बरोबर होता, पिनकोडही बरोबर होता. 'मुख्य कटर' तेवढं गाळलं होतं. ते नसलं तरी बॅग पोचेल की, असं तो म्हणाला.

"पोचेल," मी म्हटलं. "तरी लिही."